विश्लेषण : रसायनांचे हौशी व्हिडीओ मुलांसाठी योग्य की अयोग्य?

यूट्यूबवर कुणी प्लास्टिकच्या हातमोज्यांसारख्या वस्तूपासून झणझणीत सॉस तयार करतो, कुणी कापसापासून ‘म्हातारीचे केस’ बनवतो, तर कुणी अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये प्लास्टिकच्या नळीतून बार उडवून दाखवतो. तिन्ही गोष्टी रसायनशास्त्राच्याच, आणि मुलांच्या मोबाइलवर त्या एकापाठोपाठ एक येत राहतात. त्यातले काय मुलांना दाखवावे आणि काय रोखावे, हा प्रश्न पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे आहे. चित्रफीत किती भयंकर दिसते, एवढ्यावरून त्याचे उत्तर शोधले तर ते बहुधा चुकते. ते का चुकते आणि निवाडा कशावरून करावा, याविषयी...

मुले नेमके काय पाहतात?

रसायनांच्या चित्रफितींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला संस्थांचा. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘पीरियॉडिक टेबल ऑफ व्हिडीओज’ ही मालिका २००८ मध्ये सुरू केली. विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पॉलियाकॉफ तीत एकेका मूलद्रव्याची गोष्ट सांगतात. दुसरा प्रकार जाणत्या हौशी मंडळींचा. कॅनडातील नायजेल ब्राऊन यांची ‘नाइलरेड’ ही वाहिनी २०१४ मध्ये सुरू झाली. हातमोज्यांचा सॉस आणि कापसाची मिठाई हे त्यांचेच उद्योग. या चित्रफिती बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून मोठ्या असतात. कोणता टप्पा फसला, पुन्हा का करावा लागला, किती दिवस गेले, हेही त्यांत येते.

तिसरा प्रकार रील आणि ‘शॉर्ट्स’चा. त्यात रसायनशास्त्र हा शब्दही नसतो. ‘ट्रिक’, ‘हॅक’, ‘देशी जुगाड’ अशी नावे असतात. करणाऱ्याचा चेहरा अनेकदा दिसत नाही, कारणमीमांसा नसते, संगीत मात्र मोठे असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला सरसकट ‘हौशी’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. एकाला आवडत्या विषयात खोल जायचे असते, तर दुसऱ्याला पाहणाऱ्याचा अंगठा पुढे सरकू द्यायचा नसतो. मुलांच्या दृष्टीने या दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

जे भीतीदायक दिसते, तेच धोकादायक असते का?

दहा-बारा वर्षांचे मूल काचेच्या नळकांड्यांत उकळणारे सल्फ्युरिक आम्ल पाहत असेल, तर घरातले मोठे माणूस दचकते. तेच मूल खायचा सोडा, मेणबत्ती, थंड पेयाचा रिकामा डबा असले काही पाहत असेल, तर ‘घरगुती प्रयोग दिसतोय’ म्हणून दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात धोका दोन गोष्टींच्या गुणाकारातून ठरतो. एक, पदार्थ किंवा क्रिया किती घातक आहे. दोन, मुलाला तिची नक्कल करणे किती सोपे आहे. पहिला आकडा मोठा आणि दुसरा जवळजवळ शून्य असेल, तर गुणाकारही लहानच राहतो. संहत आम्ल, ऊर्ध्वपातनाची काच, वायू ओढून बाहेर टाकणारे फ्यूम हूडचे कपाट, यांपैकी काहीच सातवीतल्या मुलाकडे नसते. तो पाहतो, थक्क होतो आणि जेवायला जातो.

उलट ज्या चित्रफितीतले सगळे साहित्य स्वयंपाकघरातल्या फडताळात, न्हाणीघरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, तिच्यात दुसरा आकडा मोठा असतो. पहिला आकडा मध्यम असला तरी घात होऊ शकतो. संडास साफ करायचे आम्लयुक्त द्रव आणि कपड्यांचे ब्लीच ही दोन्ही घरात असतात. ती एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. दोन्ही बाटल्या रोजच्या पाहण्यातल्या, म्हणून त्यांची भीती वाटत नाही. त्यामुळे ‘पडद्यावर किती आग आहे’ यापेक्षा ‘पडदा आणि आपले फडताळ यांत अंतर किती’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

याला एक अपवाद आहे. नववी-दहावीपासून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतचे, विषयाने झपाटलेले एखादे मूल खर्चाचे पैसे साठवून ऑनलाइन काचसामान आणि रसायने मागवू शकते. त्याच्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या चित्रफितीही निर्धोक नाहीत. मात्र अशी मुले थोडी असतात, त्यांचा ध्यास घरात लपत नाही आणि त्यांच्याशी बोलता येते. एका रीलवरून घडलेली नक्कल मात्र पाच मिनिटांत उरकलेली असते.

मध्य प्रदेशात काय घडले?

ऑक्टोबर २०२५ मधील दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ने हाहाकार उडवला. भोपाळ, विदिशा आणि आसपासच्या भागांतून डोळ्यांना इजा झालेले शंभराहून अधिक जण रुग्णालयांत आले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती आणि काहींची दृष्टी कायमची गेल्याच्या बातम्या आल्या. ही नळी दीड-दोनशे रुपयांत रस्त्यावर विकली जात होती आणि समाजमाध्यमांवरील रील पाहून काहींनी ती घरीही बनवली होती. प्रशासनाने बंदी घातली आणि विक्रेत्यांवर कारवाईही झाली, पण तोवर उशीर झाला होता.

यातले रसायनशास्त्र शालेय पातळीचेच आहे. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे अडीच टक्के असो वा ऐंशी टक्के, तो पेट घेऊ शकतो. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा असतो. त्यामुळे ‘थोडा कमी झाला’ किंवा ‘जरा जास्त झाला’ म्हणून बार फुसका ठरेल, याची खात्री नसते. बार उडाला नाही म्हणून मुले नळीत डोकावत आणि नेमक्या त्याच वेळी स्फोट होई. क्रियेनंतर मागे उरतो तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना. डोळ्यात गेलेले अल्कलीयुक्त द्रव्य आम्लापेक्षाही खोलवर शिरते. पानाच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना होणारी इजा डोळ्यांच्या डॉक्टरांना अपरिचित नाही. इथे त्या चुन्यामागे स्फोटाचा जोर होता.

महाराष्ट्रालाही हा पदार्थ परका नाही. आंबे आणि केळी पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यावर अन्नसुरक्षा नियमांनुसार देशभर बंदी आहे, तरी ‘कार्बाइडचे आंबे’ हा शब्दप्रयोग दर उन्हाळ्यात कानी पडतो. वेल्डिंगसाठीही कार्बाइड लागते. म्हणजे पदार्थ आसपास आहे, कृती मोबाइलवर आहे आणि मुलांच्या हाती सुट्टीचा वेळ आहे. अशा वेळी मध्य प्रदेशातील दिवाळीकडे परराज्यातील बातमी म्हणून पाहता येणार नाही.

दोष चित्रफितीचा की नकलेचा?

चीनमधील एका घटनेने हा प्रश्न २०१९ मध्येच पुढे आणला होता. शानडोंग प्रांतात १४ आणि १२ वर्षांच्या दोन मुली घरी डब्यात अल्कोहोल पेटवून मक्याच्या लाह्या फोडू पाहत होत्या. स्फोट झाला. थोरलीचा काही दिवसांनी मृत्यू झाला, तर धाकटी गंभीर भाजली. कार्यालयातल्या वस्तूंवर स्वयंपाक करून दाखवणाऱ्या एका लोकप्रिय तरुणीच्या चित्रफितीची ही नक्कल असल्याचे कुटुंबीयांचे म्हणणे होते. आपली पद्धत वेगळी आणि अधिक सुरक्षित होती, असे त्या तरुणीने सांगितले. तरीही तिने दोन्ही कुटुंबांना आर्थिक मदत दिली आणि ती चित्रफीत काढून टाकली.

‘पद्धत वेगळी होती’ हा बचाव खरा असेल. पण नक्कल कधीच हुबेहूब नसते. मूल कृती पाठ करत नाही, ते दृश्य लक्षात ठेवते. डबा, ज्योत आणि उडणाऱ्या लाह्या त्याला आठवतात. अल्कोहोल किती होते आणि भांड्याचे तोंड केवढे होते, हे आठवत नाही. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती टेबलावरून पसरते. विझल्यासारख्या वाटणाऱ्या ज्योतीवर बाटलीतून पुन्हा द्रव ओतला, तर ज्वाळा थेट बाटलीत शिरून समोरच्या माणसाच्या अंगावर फवाऱ्यासारखी येते. मेथनॉलची फिकट निळी ज्योत तर भरदिवसा जवळपास दिसतच नाही. यांपैकी एकही गोष्ट यशस्वी प्रयोगाच्या चित्रीकरणात कळत नाही.

कॅमेऱ्यात काय येत नाही?

द्रावणाची तीव्रता कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘हत्तीची टूथपेस्ट’ हा मुलांचा लाडका प्रयोग. औषधाच्या दुकानातील ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, भांडी घासायचा द्रव आणि यीस्ट एवढ्यावर कोमट फेस येतो. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि चष्मा लावून तो घरी करण्याजोगा आहे. चित्रफितीत फेसाचा खांब छताला भिडतो, तेव्हा मात्र बाटलीत ३० टक्के किंवा त्याहून तीव्र पेरॉक्साइड असते. ते कातडी पांढरी पाडते, डोळ्यांना कायमची इजा करू शकते आणि तयार होणारी वाफ भाजून काढते. दोन्ही द्रव पाण्यासारखेच दिसतात आणि दोन्ही चित्रफितींचे शीर्षकही तेच असते.

नावाचेही तसेच. ‘ज्वालामुखी’ म्हटले की एक प्रयोग खायचा सोडा आणि व्हिनेगरचा. बालवाडीतही तो चालतो. त्याच नावाचा दुसरा प्रयोग अमोनियम डायक्रोमेटच्या नारिंगी पावडरीचा. ठिणग्या उडतात, हिरवी राख फुलून वर येते आणि दृश्य खरोखर ज्वालामुखीसारखे असते. पण त्या पावडरीत कर्करोगास कारण ठरणारे षट्संयुजी क्रोमियम असते आणि न जळलेले कण राखेबरोबर हवेत उडतात. जुन्या पिढीतल्या अनेकांनी हा प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उघड्या टेबलावर पाहिला आहे. ‘आम्हाला कुठे काय झाले’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण कर्करोगाचा धोका त्याच दिवशी दिसत नसतो.

खोलीत हवा खेळती होती का, किती प्रयत्न फसले, उरलेले द्रव्य कुठे टाकले, हेही चौकटीबाहेर राहते. घरी प्रयोग करणारे मूल उरलेले सारे मोरीत ओततेच. त्यामुळे चित्रफितीच्या शेवटी विल्हेवाटीचे दोन शब्द आहेत का, ही करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची चांगली खूण आहे. चष्मा आणि पांढरा कोट मात्र फारसे काही सिद्ध करत नाहीत. ते कुणालाही विकत मिळतात.

‘मुलांसाठी’ या शिक्क्याचा अर्थ काय?

यूट्यूबवर चित्रफीत चढवताना ती ‘मुलांसाठी बनवलेली’ आहे की नाही, हे सांगावे लागते. अनेक पालक हा शिक्का सुरक्षिततेचे प्रमाणपत्र समजतात. तो तसा नाही. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल आणि यूट्यूबने सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकी यंत्रणांशी तडजोड केली आणि १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यातूनच २०२० पासून हा शिक्का लागू झाला. शिक्का असेल तर वैयक्तिक पसंतीनुसार जाहिराती दाखवता येत नाहीत आणि प्रतिक्रियांचा रकाना बंद होतो. म्हणजे तो माहिती आणि जाहिराती यांच्याशी संबंधित आहे. प्रयोग घरी करण्याजोगा आहे की नाही, हे त्या शिक्क्यातून कळत नाही.

उलट्या बाजूनेही हेच खरे. गंभीर हौशी रसायनतज्ज्ञाने ‘मुलांसाठी नाही’ असे नोंदवले, तर तिथे काही अश्लील किंवा हिंसक आहे असा अर्थ होत नाही. प्रेक्षकवर्ग सर्वसाधारण आहे, एवढाच तो असतो. भारतातही परिस्थिती फार वेगळी नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी मंचांवरील मालिका-चित्रपटांना ७, १३ आणि १६ वर्षे अशा वयोगटांची वर्गवारी लावली. ती सामान्य वापरकर्त्याने चढवलेल्या चित्रफितींना लागू नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची आणि लक्ष्यित जाहिरातींवरील बंदीची तरतूद आहे. पण तीही विदेविषयीची आहे. पेरॉक्साइड किती टक्क्यांचे आहे, हे यातला कोणताच कायदा विचारत नाही.

मंचांची चाळणी किती भरवशाची?

घातक कृत्यांना उत्तेजन देणारा आशय चालणार नाही, असे यूट्यूबचे धोरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये जीवघेणी आव्हाने आणि खोड्या यांविषयीचे नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. अंमलबजावणीची कथा वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातील अन्नशास्त्रज्ञ अ‍ॅन रिअर्डन यांची पाककृतींची लोकप्रिय वाहिनी आहे. २०२२ मध्ये त्यांनी जुन्या मायक्रोवेव्हमधील उच्च दाबाच्या भागाने लाकडावर नक्षी जाळण्याच्या ‘हॅक’विरुद्ध इशारा देणारी चित्रफीत केली. या प्रकाराने अमेरिकेत किमान ३४ जणांचा बळी गेल्याची नोंद तेथील लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेकडे होती. यूट्यूबने काढून टाकली ती रिअर्डन यांची इशारा देणारी चित्रफीत. कृती शिकवणाऱ्या अनेक चित्रफिती तशाच राहिल्या. आरडाओरडा झाल्यावर इशारा परत आला.

यंत्राला ‘धोका’ हा शब्द ओळखता येतो, हेतू ओळखता येतोच असे नाही. धोक्याविषयी बोलणारा पकडला जातो आणि एक शब्दही न उच्चारता धोकादायक कृती दाखवणारा सुटतो. पहिल्या प्रकारच्या चित्रफितीवर वयाचे बंधन यावे आणि संगीतावर चालणारी रील मात्र मोकळी फिरावी, हे त्यामुळेच घडू शकते. मंचावरून चित्रफीत काढली गेली नाही, याचा अर्थ ती कुणी तपासली असा होत नाही.

मग सरसकट बंदी का नको?

कारण बंदीने रसायनशास्त्र जाते आणि रील राहते. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर १० डिसेंबर २०२५ पासून बंदी आणली आणि तीत यूट्यूबचाही समावेश केला. पण खात्याविना चित्रफिती पाहता येतातच. घरात मोबाइल काढून घेतला, तरी मित्राचा असतो. शिवाय अशा चित्रफितींतून मिळणारे काहीतरी खरोखर मोलाचे आहे. महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानात अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. अनेक शाळांत ते प्रयोगवही सुबक उतरवून काढण्याचे गुण असतात. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आणि मुलांच्या हाती जर्नल, अशी स्थिती असेल, तर मूल पदार्थाचा रंग बदलताना पाहायला मोबाइलकडेच वळणार. चाळीस मिनिटांच्या चित्रफितीत एक माणूस तीनदा फसतो, कारण शोधतो आणि चौथ्यांदा यशस्वी होतो, हे पाहणे विज्ञानाच्या पद्धतीचा चांगला धडा आहे. पाठ्यपुस्तकातला प्रयोग कधीच फसत नाही, त्यामुळे तो धडा तिथे मिळत नाही.

तज्ज्ञ आणि संस्था म्हणजे सुरक्षितता, हेही पूर्ण खरे नाही. क्षारांमुळे ज्योतीला येणारे रंग दाखवणारा ‘इंद्रधनुष्य’ प्रयोग अमेरिकेत वर्षानुवर्षे मेथनॉल पेटवून केला जाई. त्याचे धोके सांगणारी चित्रफीत तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. काहीच आठवड्यांत, जानेवारी २०१४ मध्ये, न्यूयॉर्कमधील एका शाळेत शिक्षिका हाच प्रयोग दाखवत असताना दोन विद्यार्थी भाजले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेवाडातील रीनो येथील एका संग्रहालयात आगीचा भोवरा दाखवताना १३ जण जखमी झाले, त्यांत बहुतांश मुले होती. हाच रंगांचा खेळ क्षाराच्या द्रावणात भिजवलेली लाकडी काडी ज्योतीत धरूनही दाखवता येतो. प्रयोग तोच, धोका कित्येक पटींनी कमी. कोण करतो यापेक्षा कसे करतो हे महत्त्वाचे, हा याचा अर्थ.

पालकांनी आणि शिक्षकांनी कसे तोलावे?

‘पाहण्यास योग्य’ आणि ‘करण्यास योग्य’ हे दोन वेगळे निवाडे आहेत, हे आधी मान्य करावे. पहिला बराच सैल ठेवता येतो. खरे रसायनशास्त्र समजावणारी लांब चित्रफीत दहा-अकराव्या वर्षापासून मोठ्यांच्या सोबतीने पाहायला हरकत नसावी. दुसरा निवाडा मात्र कडक हवा आणि तो वाहिनीविषयी नव्हे, एकेका चित्रफितीविषयी घ्यायला हवा. एकाच वाहिनीवर आज साबणाचे फुगे आणि उद्या सोडियमचा स्फोट असू शकतो.

त्यासाठी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. सर्व पदार्थांची नावे आणि तीव्रता सांगितली आहे का? क्रिया का घडते, हे कळते का? काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय करायचे, याचा उल्लेख आहे का? उरलेल्या पदार्थाचे काय केले? यातले काहीच नसेल, तर ती चित्रफीत करण्यास अयोग्य, मग साहित्य कितीही घरगुती असो. ज्योत, बंद भांडे, तयार होणारा वायू आणि दोन सफाईद्रव्यांचे मिश्रण, या चारपैकी काहीही असेल तर मुलांनी एकट्याने करण्याचा प्रश्नच येत नाही. बाटलीवर लाल किनारीच्या चौकटीतले धोक्याचे चिन्ह असेल, तर त्याचा अर्थ मुलासह शोधावा. ही चिन्हे जगभर सारखी आणि एकूण नऊच आहेत.

‘हे पाहू नकोस’ यापेक्षा ‘हे बघताना कॅमेऱ्याने काय दाखवले नाही, ते सांग’ हे वाक्य मुलाला जास्त शिकवते. असा प्रश्न विचारण्याची सवय लागलेले मूल रीलपुढेही थांबते. आणि करून पाहण्याची भूक असेल, तर तिला चांगली वाट द्यावी. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंची वैज्ञानिक खेळणी, मराठी विज्ञान परिषदेचे उपक्रम, मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशी दारे मराठी मुलांना उघडी आहेत. लाल कोबीच्या किंवा जास्वंदीच्या रसात लिंबू आणि खायचा सोडा घालून होणारे रंगबदल पाहायला तर बाजारातही जावे लागत नाही.

अपघात झालाच तर डोळा चोळू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावा आणि मग लगेच डॉक्टरकडे न्यावे. आम्लावर सोडा किंवा चुन्यावर लिंबू टाकून ‘उतारा’ शोधू नये. मुलाला ओरडणे नंतरसाठी ठेवावे. मार बसेल या भीतीने लपवलेली इजा अधिक महाग पडते.

जबाबदारी कोणाची?

सगळा भार पालकांवर टाकणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घालताना १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकू नये, असे बजावले. दुकानदाराला ग्राहकाचे वय विचारावे लागते. त्याच पदार्थाचा खेळ अर्ध्या मिनिटात दाखवून पैसे कमावणाऱ्याला आणि ती रील मुलापर्यंत पोहोचवणाऱ्या मंचाला मात्र काहीच विचारले जात नाही. ज्या चित्रफितीत ज्वालाग्राही, दाहक किंवा वायू सोडणारे पदार्थ आहेत, तिच्यावर पदार्थाचे नाव, तीव्रता आणि ‘घरी करण्याजोगे नाही’ हे चित्राच्या चौकटीतच दिसले पाहिजे, अशी सक्ती करणे अवघड नाही. चित्रपटात सिगारेट दिसली की पडद्यावर इशारा येतो, याची सवय भारतीय प्रेक्षकाला केव्हाच झाली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा रील मुलांच्या खात्यांवर आपणहून सुचवल्या जाऊ नयेत. शोधून पाहणे आणि समोर आणून टाकणे यांत फरक आहे आणि दुसऱ्याची जबाबदारी मंचाचीच असायला हवी.

शाळांनाही काम आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा एक तास फटाक्यांच्या प्रदूषणावरील निबंधाऐवजी त्या वर्षी फिरणाऱ्या एखाद्या रीलची वर्गात चिरफाड करण्यासाठी दिला, तर तो अधिक कारणी लागेल. कार्बाइडवर पाणी पडल्यावर काय होते, हे प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थावर, चष्मा लावून, शिक्षकांसमोर पाहिलेले मूल गच्चीवर नळीत डोकावण्याची शक्यता कमी. प्रयोगशाळेचे कुलूप उघडणे हाही सुरक्षिततेचाच उपाय आहे.